कोऱ्या पाण्यातला थेंब

मालाड (पूर्व),
१२ फेब्रुवारी २०२४

रक्त तपासणाऱ्या मॅडम किंवा सर,

नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. हॉस्पिटलातले समाजसेवक नितेश म्हणाले, या अभ्यासात भाग घेतलेल्या पेशंटला लॅबमधल्या माणसांना काही लिहायचं असेल तर कागदावर लिहून द्या, मी वाचून पुढे पोचवतो. आडनाव लिहायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही, आणि नळीवरचा नंबर तर अजिबातच नाही. कारण कुठलं रक्त कुणाचं हे तुम्हाला कळलं नाही पाहिजे, म्हणजे तपासताना मन इकडेतिकडे होत नाही. मला पटलं. बाकीच्यांनी कागद तिथेच परत दिला. मी घरी घेऊन आलो.

माझं नाव गुणाजी. वय सत्तावन्न. गाव देवगडकडे, पण जन्म इथलाच. वडील गिरणीत होते. मी दात बनवतो. डॉक्टर नाही हो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं आणि त्यावरून मी कवळी तयार करतो. माझी आणि माझा भागीदार चंद्रप्रकाशची मिळून कामाची एक खोली आहे, तेहतीस वर्षं झाली. घासायला यंत्र आहे, पण शेवटची कड बोटानेच बघावी लागते. डोळ्याला न दिसणारी धार बोटाला लागते. ती राहून गेली तर तो माणूस रोज जेवताना मला शिव्या देणार.

१६ जानेवारीला माझ्या आतड्यातली गाठ काढली. सर्जन म्हणतात, दिसली तेवढी सगळी काढली. न दिसलेलं काही मागे असेल तर केमो द्यायला पाहिजे, नसेल तर नको. आणि त्यातल्या एका औषधाने बोटांच्या टोकांना बधिरपणा येतो. काहींचा जातो, काहींचा राहतो. मी विचारलं, माझा राहिला तर? डॉक्टर म्हणाले, जिवापेक्षा बोटं मोठी नाहीत. खरं आहे त्यांचं. पण बोटं गेल्यावर त्या जिवाने दिवसभर करायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

तुमच्या तपासणीत मागे काही उरलंय का ते कळतं म्हणतात. कसं कळतं, ते मला कुणी सांगितलं तर बरं वाटेल. नाही सांगितलं तरी हरकत नाही. कुठेतरी बसून कोणीतरी माझ्या रक्ताकडे नीट बघतंय, एवढ्यासाठी आधीच आभार मानून ठेवतो.

आपला,
गुणाजी

---

अंधेरी (पूर्व),
२० फेब्रुवारी २०२४

गुणाजी काका,

सविनय जयभीम. काका म्हटलं तर चालेल ना?

मी शीतल. मुलुंडला राहते. आईवडील जालन्याकडचे, वडील, सीताराम, इथे रंगाच्या कारखान्यात होते. या लॅबमध्ये मला पाच वर्षं झाली. आमच्याकडे नळ्या येतात, फॉर्म येतात, तक्रारी येतात. पत्र पहिल्यांदाच आलं. माझी सहकारी रेवती आणि मी दोघींनी मिळून वाचलं, मग मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा काढून वाचलं.

तुम्ही विचारलंत कसं कळतं. सांगते.

आपल्या सगळ्यांच्या रक्तात डीएनएचे सुटे तुकडे फिरत असतात. पेशी मरतात, त्यांचे. गाठीच्या काही पेशी कुठे उरल्या असतील तर त्यांचेही तुकडे त्यातच येतात. दिसायला दोन्ही सारखेच, फक्त एका ठिकाणी एक अक्षर वेगळं. हजारो चांगल्या तुकड्यांत असा एखादाच. सगळं एकत्र तपासलं तर तो एक त्या गर्दीत हरवतो. म्हणून आम्ही नमुना तेलात वीस हजार थेंबांत वाटतो. इतके बारीक थेंब की असा वेगळा तुकडा आलाच तर एका थेंबात बहुतेक एकच येतो. मग सगळे थेंब चाळीसेक वेळा गरम आणि थंड करतो. वेगळा तुकडा असेल त्या थेंबात त्याच्या प्रती होत जातात आणि तो थेंब चमकतो. मग यंत्र एकेक थेंब पुढे नेऊन बघतं. चमकला, नाही चमकला, नाही, नाही, नाही.

म्हणजे काका, आम्ही एक रेणू पकडू शकतो. खरोखर एक. मी हे शिकले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

पण एक स्पष्ट लिहिते. काही सापडलं नाही म्हणजे काहीच नाही, असं शंभर टक्के म्हणता येत नाही. म्हणून तर हा अभ्यास आहे, आणि म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त घ्यायचं.

तुमच्या बोटांबद्दल वाचलं. माझं कामही बोटांचंच आहे.

आपली,
शीतल

---

मालाड (पूर्व),
२६ फेब्रुवारी २०२४

शीतल मॅडम,

जयभीम. काका चालेल. पळेल.

तुमचं पत्र मी बायकोला, रत्नप्रभाला, मोठ्याने वाचून दाखवलं. मध्ये थांबून समजावून सांगायला लागलो, तर म्हणाली, "गप ऱ्हवा. ह्यात काय कठीण आसा? तांदळात एकच खडा असेल तर पोत्यात हात घालून मिळतो का? ताटात थोडे थोडे घेऊन निवडावे लागतात. ती पोर तेच करते." तेहतीस वर्षं बारीक काम करून मला दोनदा वाचावं लागलं, आणि हिला एका दमात कळलं.

गुरुवारी, २९ तारखेला, निकाल आहे. मी रोज कामाला जातोय. पोटावरचा टाका ओढतो म्हणून चंद्रप्रकाश मला जड काही उचलू देत नाही, साचे तोच ओततो. मी नुसता कडा बघत बसतो. परवा एक कवळी हातात घेतली आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. डाव्या बाजूला सुईच्या टोकाएवढं काहीतरी लागलं. घासलं, गेलं. चंद्रप्रकाश म्हणाला, "काय पूजा करतोस का तिची?" त्याला काय सांगणार? हे मला किती दिवस कळणार आहे ते गुरुवारी ठरतंय.

काहीही निघालं तरी तुमच्यावर राग नाही. तुम्ही फक्त जे आहे ते बघता. असेल तर आहे म्हणा.

गुणाजी

---

मालाड (पूर्व),
४ मार्च २०२४

मॅडम,

हे काय चाललंय?

गुरुवारी मी आणि रत्नप्रभा सकाळी दहाला जाऊन बसलो. एक वाजता सांगितलं, निकाल आलेला नाही, शनिवारी या. शनिवारी गेलो. सांगितलं, निकाल मिळणार नाही, मंगळवारी पुन्हा रक्त द्या. का? तर "तांत्रिक कारण". आणखी कितीतरी जण होते, सगळ्यांना तेच. नितेश बिचारा हात जोडून उभा होता, त्यालाही काही माहीत नव्हतं. एक बाई तिथेच रडायला लागली.

डॉक्टर म्हणतात, केमो द्यायचीच असेल तर ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू केलेली बरी. म्हणजे १२ मार्च. आज चार तारीख. तुम्ही म्हणता रक्त द्या. त्याचा निकाल कधी? तोही नाही आला तर? मी घरी येऊन ठरवलं होतं की या अभ्यासातून नाव काढायचं आणि सरळ केमो घ्यायची. बोटं गेली तर गेली. निदान ताटकळत बसणं तरी संपेल. चार दिवस झाले, मी कामावर गेलेलो नाही. पूर्ण वाट लागली आहे डोक्याची.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, तुमच्यावर राग नाही. आज आहे. एवढं बारीक बघणारी माणसं तुम्ही, एक साधं कारण सांगता येत नाही?

गुणाजी

---

अंधेरी (पूर्व),
५ मार्च २०२४

गुणाजी काका,

तुमचा राग बरोबर आहे. कारण मला आज लिहिता येत नाही. अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने परवानगी दिली की मीच लिहीन, दुसऱ्या कुणाकडून तुम्हाला कळू देणार नाही.

आज तुमच्या रक्ताची वेळ आहे. नितेश दादा हे पत्र तुमच्या हातात देईपर्यंत तुम्ही तिथे आला असाल. आला असाल तर रक्त द्या. एवढं ऐका. निकाल १२ तारखेच्या आत येईल, याची काळजी इथे सगळे घेत आहेत.

शीतल

---

मालाड (पूर्व),
१४ मार्च २०२४

शीतल मॅडम,

परवा दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. कागद समोर ठेवला आणि म्हणाले, "काही सापडलं नाही. केमो नको. दर तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी स्कॅन, आणि स्वतःची काळजी." मी म्हटलं, "पुन्हा एकदा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. रत्नप्रभाने माझा हात टेबलाखाली इतका जोरात धरला की अंगठीचा वळ उठला. ते दुखलं, आणि मला बरं वाटलं. बोटाला सगळं कळत होतं.

घरी न जाता सरळ कामाच्या खोलीवर गेलो. चंद्रप्रकाशने खुर्ची पुढे सरकवली, एक कवळी पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "ही बघ, विलेपार्ल्याच्या डॉक्टरांची, आज जायची आहे." मी बसलो आणि काम केलं.

मागच्या पत्राबद्दल माफी मागतो. तुमच्यासारख्या माणसाला मी असं लिहायला नको होतं. काय झालं असेल ते आता माझ्या लक्षात आलंय. यंत्र बिघडलं असणार. आमच्याकडेही बिघडतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आम्हीच आळशी. तुमच्या हातून चूक होणार नाही हे पहिल्या पत्रावरूनच कळतं. एवढ्या घाईत पुन्हा सगळं तपासलंत, १२ तारीख चुकू दिली नाहीत. रत्नप्रभा म्हणते, त्या पोरीचे हात कायम चांगले राहोत. मीही तेच म्हणतो.

तुमचा ऋणी,
गुणाजी

---

मुलुंड (पूर्व),
१ एप्रिल २०२४

गुणाजी काका,

सविनय जयभीम.

२८ तारखेला हॉस्पिटलने तुम्हा सगळ्यांना पत्र दिलं आहे. त्यात "नमुन्यांची सरमिसळ झाल्याची शक्यता" असं लिहिलंय. आता मला लिहायची परवानगी आहे, म्हणून सरळ लिहिते.

यंत्र बिघडलं नव्हतं. मी चुकले.

गाठीतून काढलेल्या डीएनएच्या नळ्या आमच्याकडे वेगळ्या खोलीत उघडायच्या असतात. त्यात तो वेगळा तुकडा खच्चून भरलेला असतो. रक्ताच्या नमुन्यात आम्ही एक-दोन शोधतो आणि त्या नळीत लाखो. २७ फेब्रुवारीला त्या खोलीचा एसी बंद पडला होता. मला एकच नळी उघडायची होती, पाच मिनिटांचं काम. मी ती रक्ताच्या टेबलावर उघडली. टेबल पुसलं, हातमोजे बदलले, आणि त्यानंतर तिथेच अकरा जणांचे नमुने लावले. अकराही जणांच्या गाठीत तोच एक बदल होता, म्हणून ते एकत्र होते.

दर वेळी रुग्णांच्या नमुन्यांबरोबर आम्ही नुसतं पाणीही लावतो. त्यात काहीच नसतं, म्हणून त्याला कोरा नमुना म्हणतात. त्या दिवशी कोऱ्या पाण्यात एक थेंब चमकला. वीस हजारांत एक. आमच्या नियमात कोऱ्या पाण्यात एक थेंब चालतो, दोन झाले तर सगळं रद्द. म्हणजे कागदावर माझं काम पास होतं. अकरापैकी तिघांच्या नमुन्यात दोन-तीन थेंब चमकले होते. नियमाप्रमाणे त्या तिघांना "सापडलं" असं लिहायचं आणि त्यांची केमो सुरू.

मी निकाल लिहायला घेतला. पहिल्याचा लिहिला. दुसऱ्याचं नाव नव्हतं, नंबरच होता, पण माझ्या डोक्यात सारखं येत होतं की यातला एखादा दात बनवत असेल. काका, हेच व्हायला नको होतं. तुम्ही म्हणालात तसं, मन इकडेतिकडे होऊ नये म्हणून तर नंबर असतात. पण झालं खरं. मी पेन खाली ठेवलं आणि रेवतीला म्हटलं, "सकाळी मी नळी या टेबलावर उघडली होती." ती म्हणाली, "एकच थेंब आहे शीतल, चालतोय." मी म्हटलं, "तो पाण्यात आला कुठून?" उत्तर माझ्याकडे होतं.

आम्ही दोघी लॅबच्या प्रमुख सरांकडे गेलो. अकराही नमुने रद्द झाले. आधीचं रक्त सगळं वापरून झालं होतं, म्हणून पुन्हा मागावं लागलं. ती जी बाई रडली ती माझ्यामुळे. तुम्ही चार दिवस कामावर गेला नाहीत तेही माझ्यामुळे. आणि दुसऱ्या वेळी तपासणी मी केलेली नाही. मला १ मार्चपासून टेबलावरून बाजूला केलंय, चौकशी चालू आहे. ते काम रेवतीने केलं, सलग सहा दिवस. तुमचे आभार तिला पोचवले.

दुसऱ्या वेळी त्या तिघांपैकी दोघांच्या रक्तात काही निघालं नाही. एकाच्या निघालं, आणि त्यांचे उपचार वेळेत सुरू झाले आहेत. तुम्ही कोण ते मला माहीत नाही आणि कळायलाही नको. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारायचा हक्क आहे.

घरी सांगितलं तेव्हा आई घाबरली. वडिलांनी फक्त विचारलं, "तू स्वतः जाऊन सांगितलंस ना?" मी हो म्हटलं. "मग जेवून घे," म्हणाले.

तुमचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. ते ठेवायचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही.

शीतल

---

मालाड (पूर्व),
२२ एप्रिल २०२४

शीतल,

आता मॅडम लिहीत नाही. उत्तराला तीन आठवडे लागले. तुला वाटलं असेल, काका रागावले. तसं नव्हतं. मला एका ठिकाणी जाऊन यायचं होतं, आणि जायचा धीर होत नव्हता.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. खारदांड्याच्या एका बाईंची कवळी माझ्याकडे आली होती. सुंदराबाई. मासे विकायच्या. त्यांच्या खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा माझ्या हातून पडला आणि तडकला. डॉक्टरांना फोन करून पुन्हा माप मागायला पाहिजे होतं. मी साचा चिकटवला, तुटलेल्या जागी अंदाजाने भरलं आणि त्यावर कवळी केली. ती बसेना. हिरडीला जखम व्हायची. तीनदा परत आली. प्रत्येक वेळी मी थोडं घासायचो आणि डॉक्टरांना सांगायचो, "बाईंचं तोंडच तसं आहे." डॉक्टरांनी बाईंना तेच सांगितलं. मग ती परत यायची बंद झाली. मी सुटलो म्हटलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रत्नप्रभालाही नाही. तुझं पत्र वाचलं आणि माझ्या समोर ती कवळी आली. तू पाच मिनिटांच्या चुकीसाठी, जी कुणाला कधी कळली नसती तिच्यासाठी, सरांच्या दारात जाऊन उभी राहिलीस. मी एकोणीस वर्षं गप्प.

ते डॉक्टर आता नाहीत, पण त्यांच्या मुलाने, तोही दातांचाच डॉक्टर, जुन्या वहीतून पत्ता काढून दिला. परवाच्या शनिवारी खारदांड्याला गेलो. सुंदराबाई आहेत. सत्तरी ओलांडली आहे, अंगणात बसून सुकट निवडत होत्या. तोंडात दात नाहीत. मी नाव सांगितलं, सगळं सांगितलं. साचा पडला, चिकटवला, खोटं बोललो. त्या निवडता निवडता ऐकत होत्या. मग मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे माझं तोंड वाकडं नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही. तोंड बरोबर होतं."

"मेल्या," त्या म्हणाल्या, "मला एवढी वर्षं वाटतंय माझ्याच तोंडात खोट. म्हणून दुसरी करायला गेले नाही. पोरगी मागे लागली, सून मागे लागली, मी म्हटलं माझ्या तोंडाला दात बसतच नाहीत. तवाच सांगितलं असतंस तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते."

"आता द्या," मी म्हटलं.

दिल्या. चांगल्या मोजून दिल्या. शेजारच्या बाया बाहेर आल्या. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ह्याला चहा दे, लांबून आलाय." तो चहा मी तिथेच अंगणात बसून प्यालो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा मुलगा त्यांचं नवीन माप घेतोय. कवळी मी करणार. या वेळी साचा चंद्रप्रकाशच्या हातातसुद्धा देणार नाही.

आता तुझ्याबद्दल. हॉस्पिटलातले डॉक्टर मला म्हणाले, त्या तिघांत तुम्ही होतात का ते हवं असेल तर सांगतो. मी नको म्हटलं. असेन तर तू माझी बोटं वाचवलीस. नसेन तर? तर काय आभार मानायचे नाहीत? माझं रक्त अशा माणसाच्या हातात होतं जे पाण्यातल्या एका थेंबावर अडून बसलं. मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या समितीला मी वेगळं पत्र दिलंय, नितेशच्या हाती. त्यात एवढंच लिहिलंय की जून महिन्यात माझं पुढचं रक्त आहे आणि ते शीतलने तपासावं अशी माझी विनंती आहे. चूक न करणारी माणसं तुमच्याकडे असतील. पण चूक झाल्यावर सांगणारं माणूस कोण, ते आता मला माहीत झालंय. नितेशने ते बाकीच्यांना दाखवलं, तर आणखी सात जणांनी सह्या केल्या. त्या दिवशी रडल्या होत्या त्या बाईंनी सगळ्यांत आधी केली.

आणि पत्र ठेव. तो हक्क मी देतो.

गुणाजी काका

---

अंधेरी (पूर्व),
१३ मे २०२४

गुणाजी काका,

सविनय जयभीम.

आज सकाळी पुन्हा टेबलावर बसले.

समितीने मला लेखी समज दिली आहे, ती माझ्या फाइलमध्ये राहील. राहायलाच पाहिजे. गाठीच्या नळ्यांची खोली आता दुसऱ्या मजल्यावर नेली आहे आणि तिथून आलेल्या माणसाने त्या दिवशी रक्ताला हात लावायचा नाही, असा नियम झाला आहे. कोऱ्या पाण्यात एक थेंब चालतो, हा नियमही गेला. आता एकही चालत नाही. तो मुद्दा रेवतीने मांडला.

तुम्हा आठ जणांचं पत्र सरांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. मी खाली मान घालून ऐकत होते. सर वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एकवीस वर्षांत मला असं पत्र आलेलं नाही." एवढंच. मग पुढचा विषय घेतला.

हातमोजे घातले. मग कामाला लागले. पहिला नमुना कोरा लावला. वीस हजार थेंब, एकही चमकला नाही. एवढ्या अंधाराचा मला आजवर कधी आनंद झाला नव्हता.

सुंदराबाईंची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. आई इतकी हसली, आणि मग डोळे पुसत बसली. त्यांची कवळी कशी झाली ते कळवा.

तुम्ही मला धन्यवाद देता काका, पण मी निकाल लिहायची थांबले ती तुमच्या पत्रामुळे. नाहीतर नियमात बसत होतं, मीही गप्प बसले असते. हे मी समितीला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

तुमची,
शीतल

---

मालाड (पूर्व),
१२ जून २०२४

चि. शीतलला अनेक आशीर्वाद.

मी रत्नप्रभा, गुणाजींची बायको. हे लिहिताना यांना सांगितलेलं नाही. हे सुंदराबाईंकडे गेलेत. कवळी बसली ती बसलीच, आता त्या दर पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून बोलावतात आणि पिशवीभर सुके बांगडे देऊन पाठवतात. घरभर वास आहे.

मागच्या आठवड्यात यांचं रक्त झालं. काल निकाल आला, काही सापडलं नाही. कुणी तपासलं ते कागदावर लिहिलेलं नसतं, पण हे सगळ्यांना सांगत फिरतायत की शीतलने तपासलं. खरं-खोटं मला ठाऊक नाही. तू काही कळवू नकोस, त्यांना तसंच वाटू दे.

मी लिहितेय ते वेगळ्या कारणाने. यांनी तुला लिहिलं ना, त्या तिघांत मी होतो का ते विचारणार नाही म्हणून? यांनी नाही विचारलं. मी विचारलं. ऑपरेशनच्या वेळीच यांनी सही करून दिली होती की सगळं बायकोला सांगावं. काल हे औषधांच्या रांगेत उभे होते तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, मला सांगा. त्यांनी फाइल उघडली आणि बोट ठेवून दाखवलं.

हे त्या तिघांत होते, बाळ. पहिल्या वेळी तीन थेंब चमकले होते. सहा महिने ते औषध यांना घ्यावं लागलं असतं, गरज नसताना.

मी बाहेर आले तेव्हा हे रांगेत पुढच्या माणसाच्या कवळीबद्दल त्याला काहीतरी समजावत होते. त्या माणसाने ती काढून यांच्या हातावर ठेवली होती, तिथेच, सगळ्यांसमोर. हे डोळे मिटून तिच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मी लांब उभी राहून बघत राहिले. हाक मारली नाही.

यांना मी सांगणार नाही. न कळताच ते तुझे आभार मानतायत, त्यात मला काही कमी दिसत नाही. पण तुला कळायला पाहिजे होतं, म्हणून लिहिलं.

तुझी,
रत्नप्रभा काकी